डिम्फीचं बेल्जियममधलं दार

डिम्फी व्हान गिल्सने वयाच्या बावन्नाव्या वर्षी स्वतःच्या बैठकीची खिडकी फोडून तिथं दार बसवलं, तेव्हा अख्ख्या गल्लीला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. मला नाही वाटलं. माझं नाव लीव्ह. या गावात एकतीस वर्षं बेल्जियमचं टपाल वाटतेय. कुणाचं डोकं कधी फिरतं ते मला दारात उभं राहिलं की कळतं. डिम्फीचं डोकं अगदी ठिकाणावर होतं. नवरा ठिकाणावर नव्हता, एवढंच.

नवरा होता फिलिपिन्समध्ये, ती होती हॉलंडमध्ये, आणि त्याला इथं आणायचं तर दार बेल्जियममध्ये हवं होतं. थांबा, नीट सांगते. मला घाई फार, सगळे म्हणतात.

आमच्या गावात हॉलंड आणि बेल्जियम एकमेकांत असे घुसलेत की फुटपाथवर पांढऱ्या फुल्या मारून हद्द दाखवावी लागते. हद्द घरांच्या आतूनही जाते. मग घर कुठल्या देशाचं? तर पुढचं दार ज्या देशात उघडतं त्या देशाचं. हा आमचा जुना रिवाज. टपाल, वीज, कर, सगळं त्या दारावर ठरतं. व्हान गिल्सांच्या घरात चूल हॉलंडमध्ये आणि सोफा बेल्जियममध्ये. दार होतं हॉलंडमध्ये, म्हणून घर हॉलंडचं आणि त्यांचं टपाल कधी माझ्या पिशवीत नाही. पण डिम्फी आणि मी एका वयाच्या, एका झोपाळ्यावरून पडलेल्या. तिचं मला सगळं माहीत.

आई गेली तेव्हा ती सोळाची होती. बाप नेलिस गवंडी. ते घर त्याने स्वतः बांधलं, एकेक वीट स्वतःच्या हाताने. माणूस कामाला वाघ आणि बोलायला त्याहून वाईट. डिम्फीला दोन चांगली स्थळं आली. एक टिलबर्गचा मास्तर होता, दुसऱ्याचा डुकरांचा गोठा होता. दोघांनाही ती म्हणाली, "बाबांना सोडून नाही यायची." मास्तर वर्षभर थांबला, मग त्याने दुसरी केली. डिम्फी बेकरीत लागली. पुढं बापाचे गुडघे गेले, तेव्हा तिने कामाचे दिवस तीनवर आणले. आयुष्य असं चाललं होतं आणि ती कधी कुरकुरली नाही. मीच कुरकुरायचे तिच्या वाटची.

दर गुरुवारी ती बेकरीची गाडी घेऊन बंदरावर खलाशांच्या विश्रामगृहात पाव पोचवायची. तिथं एका मालवाहू बोटीवरचा स्वयंपाकी होता, रोडेल बाकानी. पन्नाशीचा, विधुर, ठेंगणा. त्याने पाव तोडला, चाखला आणि म्हणाला, "बाई, याला मीठ नाही."

"तुझ्या जिभेला नाही," डिम्फी म्हणाली.

झालं! पुढच्या गुरुवारी तिने त्याच्यासाठी वेगळा पाव नेला. त्याच्या पुढच्या गुरुवारी तो तिच्यासाठी डबा घेऊन उभा. दोन वर्षं बोट आली की ती बंदरावर, बोट गेली की फोनवर. मग एक दिवस ती तीन आठवड्यांची रजा काढून फिलिपिन्सला गेली आणि लग्न करून आली. एकटीच आली. कारण नवऱ्याला आणायची परवानगी मिळेना.

ब्रेडा शहरात फुकट सल्ला देणारी एक वकीलबाई बसते. आम्ही दोघी गेलो. बेकरीची गाडी सोडली तर डिम्फीकडं गाडी नाही, म्हणून माझ्या गाडीने.

"तुमचा पगार कमी पडतो," वकीलबाई म्हणाली. "डच माणसाला युरोपाबाहेरचा नवरा आणायचा तर हॉलंडचा स्वतःचा नियम लागतो. पूर्ण वेळेचा किमान पगार पाहिजे. तुमचं काम तीन दिवसांचं."

"पूर्ण वेळ काम केलं तर बाबांना कोण बघणार?"

"ते कायद्यात नाही हो." मग तिने खुर्ची पुढं ओढली. "पण ऐका. तुम्ही जर्मन असतात आणि इथं राहत असतात ना, तर युरोपचा कायदा लागला असता. युरोपातला माणूस दुसऱ्या युरोपी देशात राहायला गेला की नवरा-बायकोला सोबत नेणं हा त्याचा हक्क आहे. व्हिसा फुकट. पगाराचा ठरलेला आकडा नाही. स्वतःचं घर आहे, घर चालतंय, एवढं दिसलं की भागतं."

"म्हणजे मी माझ्याच देशात परकी असते, तर माझा नवरा माझ्याजवळ असता?"

"थोडक्यात, हो."

"वा रे न्याय!" मी म्हणाले. माझ्याच्यानं राहवतं कुठं!

"शेजारच्या देशात राहायला जा," वकीलबाई म्हणाली. "म्हणजे तुम्हाला तोच हक्क मिळेल. पण खरोखर राहायला जायचं हं. नुसतं कागदावर नाही. ते घरी येऊन बघतात."

डिम्फीने माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"बेल्जियम माझ्या बैठकीत आहे," डिम्फी ओरडली. "अहो, माझा सोफा बेल्जियममध्ये आहे!"

परतताना मी दोनदा चुकीच्या रस्त्याला लागले, इतक्या आम्ही हसत होतो.

घरी मात्र नेलिस बसला होता. सगळं ऐकून म्हणाला, "सोफ्यावर बसायला मी रोज बेल्जियमला जातो. झोपायला परत येतो. तेवढं पुरे."

"बाबा, नागरिकत्व कुठं जात नाही. डच ते डचच. नुसता पत्ता बदलतो."

"शहाऐंशी वर्षं मी हॉलंडमध्ये राहिलो. हॉलंडच्या फौजेत बूट झिजवले. आता एका बोटीवरच्या आचाऱ्यासाठी बेल्जियन म्हणवून घेऊ?"

आठ दिवस बाप-लेकीत अबोला. नवव्या दिवशी त्याने कॉफीचा कप आपटला. "दार फोड. पण मी माझं नाव हलवणार नाही. हॉलंडच्या वहीत जन्मलो, त्याच वहीत मरणार."

दोन्ही नगरपालिकांची माणसं टेप घेऊन आली. फुलीपासून खिडकी मोजली, दोनदा मोजली. खिडकी पूर्ण बेल्जियममध्ये! परवानगी मिळाली. गवंडी आला आणि नेलिस खुर्ची टाकून समोर बसला. "ओळंबा असा धरतात? कोणी शिकवलं तुला? सरक!" जुनं दार बुजवून तिथं खिडकी केली, तिच्या खालच्या विटा शेवटी त्यानेच लावल्या, बसल्या बसल्या. नवं दार हिरवं. बाजूला घंटी, टपालाची पेटी, आणि बेल्जियमच्या झेंड्याची नंबरपाटी. त्या पेटीत पहिलं पाकीट मी टाकलं आणि, खोटं कशाला सांगू, नीट पडलं का ते दोनदा वाकून बघितलं.

ऑगस्टमध्ये रोडेल आला. आम्ही ब्रसेल्सहून त्याला आणलं आणि परसातून, स्वयंपाकघराच्या दाराने आत घेतलं. सगळी गल्ली आत कोंबलेली, टेबलावर चार केक. त्याने सरळ जाऊन नेलिसचा हात धरला आणि स्वतःच्या कपाळाला लावला. त्यांच्याकडं वडिलांना तसा मान देतात.

"हा माझ्या हाताने घाम पुसतोय का?" नेलिस म्हणाला.

"पाया पडतोय तो, काका!" मी म्हणाले.

"मग पायाला हात लावायचा."

रोडेल त्याला "ताताय" म्हणायला लागला, म्हणजे बाबा. नेलिस त्याला काहीच म्हणेना. हाक मारायची वेळ आली की "तो बोटीवरचा कुठंय?" सूप खारट आहे म्हणायचा आणि तीन वाट्या प्यायचा. अशात कचेरीत अर्ज गेला. डिम्फी बेल्जियमची रहिवासी आणि रोडेल तिचा नवरा, म्हणून त्याला राहण्याचं कार्ड. आता फक्त पोलिसाने घरी येऊन बघायचं होतं. ते बेल्जियममध्ये सगळ्यांचंच होतं. घर बदललं की वस्तीचा पोलीस येतो, कपाटात कपडे आहेत का, न्हाणीत टूथब्रश आहे का बघतो, जातो. कुणी घाबरत नाही.

आमचा वस्तीचा पोलीस नवीन होता. योरिस नाव, समुद्राकडचा पोरगेला गडी, सगळं नियमाने करणारा. सप्टेंबरात एका सकाळी मी टपाल घेऊन गल्लीत वळले, तर हा हिरव्या दाराची घंटी वाजवतोय. वाजवतोय आणि वाजवतोय.

"अरे बाबा, त्या दारावर काय डोकं आपटतोस?" मी लांबूनच ओरडले. "ते दार कुणी उघडत नाही!"

"कुणी उघडत नाही?"

"कध्धी नाही. मागनं जा, मागनं. ती माणसं सगळी मागनंच येतात-जातात."

"मागचं दार कुठल्या देशात आहे?"

"हॉलंडमध्ये. आणखी कुठं असणार!"

त्याने लिहून घेतलं, टोपीला हात लावला आणि निघून गेला. आणि मी शिट्टी वाजवत पुढं गेले. पोलिसाला मदत केली म्हणून खूश! माझी मेलीची जीभ!

आता तुम्हीच सांगा, मी खोटं बोलले का? आमच्याकडं पुढच्या दाराने फक्त नवरी बाहेर पडते आणि मढं. आणि पुढून येतो तो परका माणूस, काहीतरी विकायला आलेला. आपली माणसं परसातून येतात, चिखलाचे बूट तिथं काढतात, न विचारता कॉफी ओतून घेतात. डिम्फीने दारासाठी खिडकी फोडली, दोन नगरपालिका हलवल्या, बापाशी भांडली, आणि दार बसल्या दिवसापासून अख्खं घर पुन्हा मागनंच जायला-यायला लागलं. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. कडीला कोळिष्टक होतं. पायपुसण्यावर दुकानाची चिठ्ठी तशीच.

कचेरीचं पत्र मीच आणून दिलं. डिम्फीने स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं. बेल्जियमच्या दाराचा वापर दिसत नाही. राहणाऱ्यांची ये-जा हॉलंडमधून आहे असं शेजारच्या व्यक्तीकडून कळलं. शिवाय याच घरातल्या एका माणसाचं नाव अजून हॉलंडमध्ये नोंदलेलं आहे. अहवाल नकारार्थी. महिन्याभरात एकदा पुन्हा पाहणी होईल. तीही फसली, तर डिम्फीची नोंद रद्द, आणि तिच्या हक्कावर उभा असलेला रोडेलचा अर्जही रद्द. मग त्याने देश सोडायचा.

"शेजारची व्यक्ती," डिम्फी म्हणाली. "कोण ही सटवी?"

मी खुर्चीत बसले आणि सांगून टाकलं.

तिने पत्र टेबलावर ठेवलं. "लीव्ह, एकतीस वर्षं लोकांची बंद पाकिटं सांभाळलीस. एकदा स्वतःचं तोंड बंद ठेवता आलं नाही?"

मी रडायला लागले. रोडेलने माझ्यापुढं सूप ठेवलं. ते खारट होतंच, त्यात आणखी माझी भर.

मग मात्र आम्ही कंबर कसली. मी दारोदार जाऊन बजावलं, आजपासून व्हान गिल्सांकडं जो मागनं जाईल त्याचं टपाल मी गटारात टाकीन. मागच्या दाराला आतून बटाट्याची पोती लावली, बाहेरून नेलिसची जुनी सायकल. पहिले दोन दिवस लोक सवयीने परसात जायचे, सायकलला धडकायचे, शिव्या घालत पुढं यायचे आणि घंटी वाजवून "कोण?" म्हटलं की लाजायचे. शेजारीण दोन अंडी मागायला आली ती चर्चला जायचा कोट घालून! दिवसातून चाळीसदा घंटी वाजत होती. इतकी मजा त्या गल्लीत मी आयुष्यात पाहिली नाही, आणि इतकी भीतीही.

"हे घर आहे का दवाखाना?" नेलिस ओरडायचा. तो स्वतः त्या दारातून एकदाही गेला नाही. मागचं बंद, पुढचं बेल्जियमचं, म्हणून गडी घरातच बसला.

नावाचा विषय डिम्फीने एकदाच काढला. "बाबा, फक्त नोंद. कचेरीत जाऊन दोन ओळी."

त्याने तोंड भिंतीकडं केलं.

"बघितलंस?" मी तिला बाहेर म्हणाले. "सांग त्याला खडसावून!"

"नाही," ती म्हणाली. "रोडेलला मी माझ्या हक्काने आणलंय. बाबांचा हक्क हिसकावून नाही." आणि डोळे पुसून कामाला गेली. अशी आहे ती.

ऑक्टोबरातला मंगळवार, सकाळचे साडेआठ. डिम्फी बेकरीत. मी गल्लीत वळले. योरिसची सायकल भिंतीला, आणि योरिस कुठं? परसात! कुणीतरी त्याला गावची रीत शिकवली होती आणि बिचारा आपला माणूस म्हणून मागनं गेला होता. कडी हलवतोय, काचेतून बघतोय, तर आत पोती. त्याने वही काढली.

"अरे थांब! लिहू नकोस!" मी पिशवी टाकून धावले. "पुढनं ये, पुढनं!"

"मागच्या वेळी तुम्हीच म्हणालात, मागनं जा."

"मी मूर्ख आहे! तसं लिही वहीत, सही करते!"

त्याला बाहीला धरून मी हिरव्या दारापुढं उभं केलं आणि घंटी दाबली. उघड रे रोडेल, उघड. आतून पावलं आली. सावकाश. घासत. ती रोडेलची नव्हती.

दारात नेलिस. पट्टे खांद्यावरून घसरलेले, हातात चमचा.

मी मनात म्हटलं, संपलं.

"डिम्फी व्हान गिल्स इथं राहतात का?" योरिसने विचारलं.

"राहते म्हणतात. पहाटे चारला जाते, दुपारी येऊन झोपते. मला विचारशील तर ती बेकरीत राहते."

मी डोक्याला हात लावला.

"आणि त्यांचे पती?"

"कोण पती?"

"रोडेल बाकानी."

"मग रोडेल म्हण ना सरळ!" त्या घरात त्याने ते नाव पहिल्यांदा उच्चारलं, पोलिसासमोर. "तो राहतो. आत माझी अंडी उकडतोय. गुडघ्याला मलम लावतो, मी खोकलो की पाणी आणतो. सूप खारट करतो. इथं राहत नाही तर कुठं राहतो, बोटीवर?"

योरिस आत गेला, मी त्याच्या मागं घुसले. कपाट पाहिलं, न्हाणी पाहिली. तीन टूथब्रश. सगळं ठीक! मी नाचायच्या बेतात होते. तेवढ्यात तो बैठकीत थांबला.

"आजोबा, एक राहिलं. तुमचं नाव अजून हॉलंडमध्ये आहे, याच घराचं. एक घर दोन देशांत कसं? मला ते लिहावं लागेल. वर काय ठरवतील ते माझ्या हातात नाही."

रोडेल अंड्यांची बशी घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"साहेब, त्यांना विचारू नका," तो हळूच म्हणाला. "त्यांचं काही घ्यायला मी आलेलो नाही. जायचं तर मी जाईन."

"तू गप," नेलिस म्हणाला. "अंडी ठेव खाली."

मग तो योरिसकडं वळला. "लिही."

"काय लिहू?"

"माझं नाव लिही. नेलिस व्हान गिल्स. गवंडी. जन्म याच गल्लीतला, हॉलंड." चमचा खाली ठेवायचा होता, त्याला टेबल सापडेना. पन्नास वर्षं ओळखते मी या माणसाला. बायकोला पोचवून आला तेव्हाही त्याचे डोळे कोरडे होते.

"आणि राहणार?" योरिसने विचारलं.

"राहणार बेल्जियम," नेलिस म्हणाला. "जावयाच्या घरी."